मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २ शिकायचाय? मग आधी तो कुठे भारी आहे आणि कुठे तुटलाय ते बघा

मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २ हा फायटिंग गेम पहिल्यांदा लावला की सगळे एकच करतात. ५६ कॅरेक्टरची ती भलीमोठी स्क्रीन येते, मग वुल्व्हरिन, स्पायडर-मॅन आणि रयू असे आवडीचे तिघं उचलायचे, कॉम्प्युटरशी दोन-चार दिवस मजेत खेळायचं आणि मग एखाद्या मुरलेल्या खेळाडूसमोर बसलं की दोन मिनिटांत तिघंही आडवे. बरं, मारलं कशाने तेही कळत नाही, कारण स्क्रीनवर एकाच वेळी चार जण, दोन लेझर, वरून पडणाऱ्या गारा आणि मध्येच एक रोबोट. मग लोक म्हणतात हा गेम तुटलेला आहे आणि सोडून देतात.

तुटलेला आहे हे खरंय. मी अजिबात नाही म्हणणार नाही. पण कुठे तुटलाय, का तुटलाय आणि त्यातून नक्की काय मिळतं हे समजलं ना, की तिथूनच तो शिकता येतो, आणि माझ्या मते दुसरी कुठली सरळ वाट नाहीचे. म्हणून हे लिहितोय. एकच गोष्ट डोक्यात ठेवून वाचा, बाकी सगळं तिच्यातूनच येतं: या गेममध्ये कॅरेक्टर शिकायचं नसतं, टीम शिकायची असते.

कुठला व्हर्जन खेळायचा

हे पटकन सांगतो. गेम २००० साली आर्केडमध्ये आला, सेगाच्या नाओमी बोर्डवर. सेगाच्याच ड्रीमकास्ट या घरच्या कन्सोलचं हार्डवेअर त्याच घरातलं असल्यामुळे त्याच वर्षी आलेला ड्रीमकास्टचा पोर्ट, म्हणजे त्यावर चालणारं व्हर्जन, आर्केडच्या एकदम जवळचा होता आणि म्हणूनच पुढे कितीतरी वर्षं स्पर्धांमध्ये ड्रीमकास्टच लावलेला दिसायचा. २००२ मध्ये प्लेस्टेशन २ आणि एक्सबॉक्सवर आला, २००९ मध्ये प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर डिजिटल आला, आणि २०१३ च्या शेवटी तो डिजिटल व्हर्जन दुकानांतून गायबच झाला. त्यानंतर जवळजवळ अकरा वर्षं नव्या माणसाला हा गेम सरळ विकत घ्यायची सोयच नव्हती, ही मला या गेमच्या बाबतीतली सगळ्यात वाईट गोष्ट वाटते, कारण गेम चांगला की वाईट हे नंतर, आधी हातात तर यायला हवा.

आता तो त्रास नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम फायटिंग कलेक्शन आलं, त्यात सहा फायटिंग गेम आणि द पनिशर असे सात गेम आहेत, ऑनलाइनला रोलबॅक आहे, म्हणजे नेट थोडं मागेपुढे झालं तरी खेळ अडखळत नाही, आणि ट्रेनिंग मोडमध्ये हिटबॉक्स, म्हणजे फटका नक्की कुठे लागतो त्या चौकटी, दिसतात. नवीन शिकणाऱ्याने डोळे झाकून हेच घ्यावं. जुना ड्रीमकास्ट घरात पडला असेल तर तोही उत्तम, पण ऑनलाइन समोरचा मिळणार नाही आणि या गेममध्ये समोर माणूस नसेल तर शिकणं फार हळू होतं.

बटणं

सहा बटणं. लाइट पंच, लाइट किक, हेवी पंच, हेवी किक, आणि दोन असिस्टची, म्हणजे मागच्या साथीदारांना मदतीला बोलवायची. मीडियमचं वेगळं बटण नाहीये, लाइट मारून तेच बटण परत दाबलं की मीडियम निघतो. आधीच्या व्हर्सेस गेममध्ये सहाही बटणं मारायचीच होती, इथे दोन कमी करून असिस्टला दिली, तेव्हा लोक वैतागले होते म्हणे, पण खेळून बघा, हा बदल किती योग्य होता ते कळेल. नवीन माणसाचा हात दोन दिवसांत बसतो.

दोन पंच एकत्र दाबले की डॅश, म्हणजे झटकन झेप. खाली-वर पटकन मारलं की सुपर जंप, म्हणजे स्क्रीनच्याही वर जाणारी उडी. ब्लॉक करताना दोन पंच एकत्र दाबले की पुशब्लॉक, समोरचा लांब ढकलला जातो. पुशब्लॉक हे मी आत्ताच, सगळ्यात आधी सांगतोय कारण नव्वद टक्के नवीन लोक ते शेवटी शिकतात आणि तोवर कोपऱ्यात मार खात बसतात. पहिल्या दिवशी शिका.

हा गेम नक्की कशात भारी आहे

तीन विरुद्ध तीन. एक जण मैदानात, दोन मागे. असिस्टचं बटण दाबलं की मागचा धावत येतो, एक मूव्ह मारतो, जातो. आणि तो मूव्ह मारत असताना तुमचा मैदानातला माणूस मोकळा असतो, त्याला जे करायचं ते करतो. बास, एवढंच. या एका गोष्टीवर सगळा गेम उभा आहे.

विचार करा, साधा एक-विरुद्ध-एक गेम असेल तर तुम्ही एका वेळी एकच धोका तयार करू शकता. इथे दोन. असिस्ट समोरून दाबून धरतो तोवर तुम्ही वरून जाऊन मागच्या बाजूला उतरता, आता समोरच्याने कुठल्या बाजूला ब्लॉक करायचा? प्रत्येक कॅरेक्टरला तीन प्रकारचे असिस्ट आहेत, अल्फा, बीटा, गॅमा, आणि निवडताना त्यातला एक घ्यायचा. ५६ कॅरेक्टर, त्यातले तीन, प्रत्येकाचे तीन असिस्ट, आणि कोण कितव्या नंबरवर याचाही फरक पडतो. एवढ्या जोड्या होतात की कुणीच सगळ्या खेळून बघितलेल्या नसतील. पंचवीस वर्षं झाली तरी लोक अजून नवीन काहीतरी काढतायत ते यामुळेच, आणि २०२५ च्या इव्होत, म्हणजे फायटिंग गेमच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, हा गेम परत मुख्य यादीत घेतला तोही काही नुसत्या आठवणींसाठी नाही.

दुसरी भारी गोष्ट म्हणजे हालचाल. या गेमइतकं मोकळं फिरायला फार कमी फायटिंग गेममध्ये मिळतं. मॅग्नीटो हवेत आठही दिशांना डॅश मारतो, स्टॉर्म उडते, सेंटिनल एवढा अवाढव्य असून हवेत तरंगत मारतो. हात बसला की ते नुसतं फिरणंसुद्धा इतकं छान वाटतं की मी कधीकधी ट्रेनिंग मोड लावून कॉम्बो-बिम्बो (एकाला एक जोडलेले फटके) काही न करता फक्त मॅग्नीटोला इकडून तिकडे उडवत बसतो.

आणि तुटलाय कुठे

५६ पैकी गंभीरपणे खेळायला जेमतेम दहा-बारा कामाचे, त्यातही चार जण बाकी सगळ्यांच्या डोक्यावर बसलेले: मॅग्नीटो, स्टॉर्म, सेंटिनल, केबल. बाकीचे बरेचसे नुसते शोभेला. कारण सरळ आहे. कॅपकॉमने आधीच्या गेममधले स्प्राइट, म्हणजे कॅरेक्टरची चित्रं, आणि मूव्ह गोळा करून एका ठिकाणी आणले, एक्स-मेनचे १९९४ पासूनचे आणि मॉरिगनसारखे डार्कस्टॉकर्सचे, पण ते सगळे वेगवेगळ्या नियमांच्या गेमसाठी बनवलेले होते, मग एकाच पातेल्यात ओतल्यावर कुणाला हवेत डॅश आहे, कुणाला नाही, कुणाचा सुपर (सगळ्यात मोठा फटका) अख्खी स्क्रीन एका क्षणात पार करतो, कुणाचा हातभर लांबही जात नाही. मॅग्नीटो जिथे दोन सेकंदांत तीन वेळा बाजू बदलतो तिथे झँगीफ चालत येणार. कसं जमणार?

शिवाय भरती पण आहेच. वुल्व्हरिन दोनदा आहे, एक धातूच्या नखांचा आणि एक हाडांच्या नखांचा. आयर्न मॅन आणि वॉर मशीन जवळजवळ एकाच साच्यातले. सर्व्हबॉट, रोल, डॅन ही मंडळी गंमत म्हणूनच ठेवली आहेत. म्हणजे ५६ चा आकडा ऐकायला जेवढा मोठा तेवढा तो खेळताना नाही.

इन्फिनिट आहेत, म्हणजे एकदा हात लागला की जीव जाईपर्यंत सुटत नाही असे कॉम्बो. मॅग्नीटोचा आहे, आयर्न मॅनचा आहे. जगरनॉटचं एक ग्लिच आहे, त्याचा पॉवर-अप लावून टॅग केलं, म्हणजे माणूस बदलला, की ती वाढीव ताकद त्याला चिकटूनच राहते. एकट्याने खेळायला फार काही नाही, आर्केड मोड, शेवटी अबिस नावाचा तीन रूपांचा बॉस, संपलं. गोष्ट वगैरे शोधू नका. मागची दृश्यं थ्रीडी आणि पुढे जुने टूडी स्प्राइट, हे सगळ्यांना रुचत नाही. संगीत जॅझचं आहे, मारामारीच्या गेमला लाउंजमधली गाणी, त्यावरून अजून भांडणं होतात, मला मात्र ते मनापासून आवडतं.

आता हे सगळं माहीत झालं, मग यातून शिकायचं कसं.

टीम कशी बांधायची

इथे थोडा वेळ घालवा, कारण बाकी सगळं यावर आहे. तीन जागा असतात असं समजा. पहिला जो मैदानात राहून काम करणार, त्याला पॉइंट म्हणतात. दुसरा जो मीटर, म्हणजे सुपर मारायला लागणारी पट्टी, भरतो किंवा साठलेला मीटर वापरून मोठा मार देतो. आणि तिसरा असिस्ट, जो शक्यतो मैदानात येऊच नये पण त्याच्याशिवाय टीमच नाही. नवीन लोक पॉइंटपासून सुरू करतात, मी म्हणतो असिस्टपासून सुरू करा. आधी असिस्ट ठरवा, मग त्याच्यासोबत कोण जुळतो ते बघा.

का म्हणाल तर चांगला असिस्ट तुमच्या कच्च्या हाताला सांभाळून घेतो. सायलॉकचा अँटी-एअर असिस्ट घ्या. ती येते, खालून वर झेप घेते, समोरच्याला हवेत उडवते, आणि तो हवेतून खाली येईपर्यंत तुम्हाला कॉम्बो चालू करायला भरपूर वेळ. कॅप्टन कमांडोचा विजेचा उभा खांब घ्या, कुणी अंगावर उड्या मारत येत असेल तर एक बटण दाबा, वाट बंद. सायक्लॉप्सचा अपरकट असिस्टपण तसाच भरवशाचा. या तिघांपैकी एक तुमच्या टीममध्ये असू द्या, पहिले दोन-तीन महिने तरी. मैदानात उतरल्यावर हे तिघं काही फार मोठे राक्षस नाहीत, पण मागे उभे राहून जे काम करतात त्याला तोड नाही, आणि या गेमच्या असमतोलात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे की चौघांच्या खालचे कॅरेक्टरसुद्धा असिस्ट म्हणून पुन्हा कामाला येतात. डॉक्टर डूमचे ते भोवती फिरणारे दगड आणि स्ट्रायडरचा तो गोळ्यांवाला सुपर एकत्र लावला की समोरच्याला ब्लॉक करत बसण्याशिवाय काही सुचत नाही, आणि ब्लॉक करतानाही चिपने, म्हणजे अडवलेल्या फटक्याच्या थोड्याशा माराने, रक्त (जीवाची पट्टी) उतरत राहतं.

मग वरचे दोन. मॅग्नीटो, स्टॉर्म, सायलॉक ही टीम फार प्रसिद्ध आहे, पण पहिल्या दिवशी घेऊ नका, मॅग्नीटोचं रक्त कमी आहे आणि हात पक्का नसेल तर तो तुमच्याआधी मरतो. स्टॉर्म, सेंटिनल, कॅप्टन कमांडो ही पण मोठी टीम, स्टॉर्म पळत पळत मीटर भरते आणि सेंटिनल तो खर्च करतो. पण सुरुवातीला मी केबल, सेंटिनल, कॅप्टन कमांडो सुचवेन. केबल लांबून बंदूक चालवतो, हालचाल फार करावी लागत नाही, समोरच्याने चूक केली की हवेतला लेझर सुपर, तो अख्खी स्क्रीन एका झटक्यात पार करतो. सेंटिनल एवढा मजबूत की दोन-चार चुका पोटात घालतो. लोक या टीमला आळशी म्हणतात, म्हणू द्या, ही टीम तुम्हाला मीटर कधी वापरायचा आणि समोरच्याचा असिस्ट कधी मारायचा या दोन गोष्टी शिकवते आणि त्या दोन गोष्टी येईपर्यंत बाकी काही शिकून उपयोग नाही.

क्रम पण बघा. सुपर चालू असताना पुढच्या माणसाच्या सुपरची कमांड दिली की पहिला आत जातो आणि पुढचा त्याचा सुपर मारतच मैदानात येतो, याला डीएचसी म्हणतात. तो पुढचा माणूस म्हणजे तुमच्या क्रमात पुढे असलेला, म्हणून स्टॉर्मनंतर सेंटिनल ठेवतात, स्टॉर्मच्या गारा पडत असतात तेवढ्यात सेंटिनलचे रोबोट सोडायचे, मारही मोठा आणि माणूसही सुरक्षित बदलला जातो. साधा टॅग करून माणूस बदलायला गेलात आणि समोरच्याने ब्लॉक केलं तर आत येणाऱ्याचं काही खरं नाही. माणूस बदलायचाय तर शक्यतो डीएचसीनेच बदला.

पहिले पंधरा दिवस

ट्रेनिंग मोड लावा आणि कॉम्बो शोधायला इंटरनेटवर जाऊ नका लगेच. आधी प्रत्येक कॅरेक्टरचा लाँचर कुठल्या बटणावर आहे ते शोधा, म्हणजे ज्याने समोरचा सरळ वर उडतो तो. सगळ्यांचा एकाच बटणावर नाहीये, हाताने शोधलात तर लक्षात राहील. लाँचर लागला की लगेच वर दाबा, तुम्ही पण मागून वर जाता, आणि हवेत लाइट पंच, लाइट किक, परत लाइट पंच, लाइट किक, ते आपोआप मीडियम होतात, आणि शेवटी हेवी किंवा एखादा स्पेशल. हा साधा कॉम्बो तिन्ही कॅरेक्टरने दहातून आठ वेळा यायला लागला की पुढे जा. त्याआधी नको.

मग असिस्टसोबत सराव. हा भाग लोक वगळतात. असिस्ट बोलवा, आणि तो येऊन मारेपर्यंत तुम्ही काय करताय? काहीतरी करत असायलाच पाहिजे. पुढे डॅश मारा, किंवा वरून उडी, किंवा केबलची बंदूक. नुसता असिस्ट बोलवून उभं राहिलात तर तुम्ही तुमचाच माणूस समोरच्याच्या तोंडी देताय, कारण आलेला असिस्ट ब्लॉक करू शकत नाही. तुम्ही आणि तुमचा असिस्ट दोघं एकाच सुपरमध्ये सापडलात तर त्याला खेळणारे हॅपी बर्थडे म्हणतात, समोरच्याला एकात दोन मिळाले म्हणून. एका झटक्यात मॅच फिरते.

आणि लक्षात ठेवा, सुपर जंपमध्ये असिस्ट बोलवता येत नाही. जमिनीवरून किंवा साध्या उडीतूनच. म्हणजे समोरचा सुपर जंप मारून वर गेलाय ना, तेवढा वेळ त्याच्याकडे असिस्ट नाही. हे एकदा डोक्यात बसलं की समोरच्याचा खेळ वेगळाच दिसायला लागतो.

डॅशचं एक तंत्र आहे, डॅश मारून लगेच खाली दाबायचं, डॅश तुटतो, परत डॅश, परत खाली. याला वेव्हडॅश म्हणतात. मॅग्नीटो आणि स्टॉर्म याने जमिनीवर सरपटत सुसाट येतात. आज नाही जमलं तरी रोज पाच मिनिटं करा, बोटांना त्याची लय हळूहळू लागते.

मार खाताना

इथे खरी मॅच जाते. मी स्वतः सुरुवातीला जेवढ्या मॅच हरलो त्यातल्या बहुतेक मारता न आल्यामुळे नव्हे, स्वतःला वाचवता न आल्यामुळे हरलो.

पहिली गोष्ट, पुशब्लॉक, वर सांगितलंय. दुसरी, ब्लॉक करत असताना मीटरची एक लेव्हल, म्हणजे एक भरलेला टप्पा, देऊन मागच्या माणसाला आत बोलवता येतं, तो येतानाच मारत येतो. कोपऱ्यात अडकलात आणि मीटर आहे तर वापरा. साठवून ठेवलेला मीटर मेलेल्या टीमच्या काय कामाचा. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे तुमचा एक माणूस मेला की पुढचा हवेतून आत येतो, आणि तो क्षण या गेममधला सगळ्यात धोक्याचा. साध्या उडीसारख्या अवस्थेत येतो तो, हवेत एकदा ब्लॉक केलं की जमिनीवर पाय टेकेपर्यंत दुसरा ब्लॉक मिळत नाही. चांगले खेळाडू एक फसवा फटका टाकतात, तुम्ही ब्लॉक करता, मग खरा मारतात आणि तो थांबवता येत नाही. याला गार्ड ब्रेक म्हणतात आणि बऱ्याच मॅच इथेच एका माणसावरून तिन्हीवर जातात. उपाय म्हणजे दर वेळी तेच करू नका. कधी ब्लॉक, कधी येताना फटका, कधी हवेत डॅश असेल तर दिशा बदला. समोरच्याला अंदाज लागू द्यायचा नाही.

उलटं तुम्ही पण हेच करा. समोरच्याचा माणूस मेला की आनंदात हात सोडू नका, खाली उभे राहा आणि येणाऱ्याची वाट बघा.

स्नॅपबॅक हे आणखी एक. खाली, खाली-पुढे, पुढे आणि असिस्टचं बटण, एक लेव्हल जाते. लागलं तर समोरचा मैदानाबाहेर आणि त्या बटणाच्या नंबरचा माणूस आत. मागे उभा राहिलेल्यांचं लाल झालेलं रक्त हळूहळू परत भरतं, म्हणून अर्धमेला होऊन मागे लपलेल्या माणसाला बाहेर ओढायचं हे हत्यार. समोरच्याचा सायलॉक किंवा कमांडोसारखा असिस्ट ओढून मारून टाकला तर त्याची टीम लंगडी होते, मग त्याचा मॅग्नीटो कितीही भारी असू दे. मला विचाराल तर या गेममधली सगळ्यात हुशार मूव्ह हीच, आणि ऑनलाइन दहातले आठ जण ती कधी वापरतच नाहीत.

चौघांशी लढताना

केबलसमोर मीटर बघत खेळा. त्याच्याकडे एक लेव्हल असेल तर असिस्ट बोलवताना दहा वेळा विचार करा, कारण तुमचा असिस्ट दिसला की हवेतून लेझर आलाच, आणि मीटर भरपूर असेल तर एकामागून एक. मीटर नसेल तेव्हा त्याच्या अंगाला चिकटा, जवळून तो फार काही नाही.

स्टॉर्म पळणार. रक्तात पुढे गेली की वर उडत राहणार आणि ९९ चं घड्याळ संपवणार. चिडून मागे धावू नका, तिथेच ती मारते. आधीपासून रक्तात पुढे राहणं हाच उपाय, म्हणून तिच्याविरुद्ध सुरुवातीचे वीस सेकंद सगळ्यात महत्त्वाचे.

सेंटिनल मोठा आहे, छोट्या फटक्याने हलत नाही, तुमचा फटका अंगावर घेऊन वर तुम्हालाच मारतो. एका फटक्यावर विसंबू नका, अनेक वेळा लागणारे मूव्ह वापरा. आणि तो एवढा मोठा आहे ही त्याची कमजोरीपण आहे, बारक्या कॅरेक्टरवर न लागणारे कॉम्बो त्याच्यावर आरामात लागतात.

मॅग्नीटोबद्दल काय सांगू. तिरका खाली डॅश मारत येतो, बाजू बदलतो, आणि लागला की कॉम्बो मध्येच मुद्दाम तोडून परत नव्याने मारतो, कारण लांब कॉम्बोमध्ये मार कमी कमी होत जातो आणि तोडून परत सुरू केला की परत पूर्ण लागतो. याला रिसेट म्हणतात. मार खाताना कंट्रोलर सोडून बघत बसू नका, तो तोडेल त्या क्षणाला ब्लॉक करायला तयार राहा. जस्टिन वाँगचे जुने व्हिडिओ बघा, इव्होत हा गेम त्याने अनेकदा जिंकलाय, आणि बघताना त्याचे कॉम्बो नाही, तो असिस्ट कधी बोलवतो आणि कधी बोलवत नाही तेवढंच बघा.

आवडीचं कॅरेक्टर सोडायचं का

नाही. मी हे सगळं लिहिलं तरी नाही म्हणेन. आवडीचा एक ठेवा, बाकी दोन ताकदीचे घ्या. स्पायडर-मॅन आवडतो तर स्पायडर-मॅन पॉइंट, मागे सेंटिनलचे रोबोट असिस्ट म्हणून आणि तिसरा सायक्लॉप्स. सेंटिनलचे ते रोबोट जमिनीलगत रांगेत येतात, समोरच्याला खिळवून ठेवतात, आणि त्या वेळात अगदी मधल्या फळीचं कॅरेक्टरसुद्धा आत शिरू शकतं. ५६ चा खरा उपयोग हा आहे. तिन्ही आवडीचे घेतलेत तर हरत राहाल, तिन्ही वरचे घेतलेत आणि त्यातला एकही आवडत नसेल तर महिन्याभरात कंटाळाल.

मित्रांमध्ये खेळत असाल तर एक करून बघा. ठरवून टाका की त्या चौघांपैकी प्रत्येक टीममध्ये जास्तीत जास्त एकच. आम्ही असं खेळायला लागलो तेव्हा अचानक डूम, स्ट्रायडर, ब्लॅकहार्ट, आयर्न मॅन, ट्रॉन असे सगळे बाहेर पडले, मॅच लांबायला लागल्या आणि जो आधी रोज हरायचा त्याने पहिल्यांदा सलग तीन जिंकल्या, ट्रॉन असिस्टवर. ट्रॉनचा असिस्ट किती जोरात लागतो हे त्या दिवसापर्यंत आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, दुसऱ्या दिवशी आम्हा चौघांच्याही टीममध्ये ट्रॉन होती.